लाकडी माडी उजळताना घरातल्यांचा श्वास जपा

दसरा-दिवाळीच्या आधी घर झाडूनपुसून, रंगरंगोटी करून काढण्याची आपली जुनी रीत आहे. पावसाळ्यात भिंतींनी आणि लाकडांनी धरलेली ओल तोवर वाळलेली असते, हवा कोरडी झालेली असते आणि सुतार, रंगारी, पॉलिशवाले यांना उसंत नसते. याच सुमारास दवाखान्यातही एका ठराविक तक्रारीचे रुग्ण वाढू लागतात. कोणाच्या शिंका थांबत नाहीत, कोणाचे डोळे चुरचुरतात, कोणाला कोरडा खोकला रात्रभर झोपू देत नाही. एरवी महिनोन् महिने ठीक असलेला दमेकरी अचानक धापा टाकत येतो. चौकशी केली की पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "डॉक्टर, घरात पॉलिशचे काम काढले आहे."

हा विषय आज घेण्याचे निमित्त एका वाचकाचे पत्र आहे. ते लिहितात, "आमचा वाडा जुन्या नाशकात आहे. माडीची जमीन सागवानी फळ्यांची आहे. फळ्यांची रया गेली आहे, जागोजागी कुसळे निघाली आहेत. पॉलिशवाला म्हणतो, मशीन लावून सगळे घासून काढू आणि वर चकचकीत पॉलिश मारू. घरात दमेकरी आई आहे, दोन वर्षांचा नातू आहे. काम होईपर्यंत दुसरीकडे बिऱ्हाड करणे आम्हाला शक्य नाही. काय करावे?"

मी डॉक्टर आहे, सुतार नव्हे. पण हा प्रश्न लाकडाइतकाच फुप्फुसांचाही आहे. पंचवटीत, भद्रकालीत, तिवंध्याच्या आसपास आणि सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत अजून असे कितीतरी वाडे उभे आहेत. कुठे कडीपाटावर मातीचा थर देऊन सारवलेली जमीन असते, कुठे नुसत्या फळ्यांची. देवळालीच्या जुन्या बंगल्यांतही लाकडी जिने, लाकडी कठडे दिसतात. ज्या देवळालीला एके काळी लोक मुंबईहून केवळ चांगल्या हवेसाठी येऊन राहत, तिथल्याच बंगल्याची हवा चार दिवसांच्या पॉलिशने बिघडवून घ्यायची, हे काही बरे नाही. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

दुरुस्ती हवीच, पण कशासाठी?

जुनी लाकडी जमीन तशीच सोडून द्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. झिजलेल्या फळीचे कुसळ पायात गेले तर धडधाकट माणूस ओरडतो, ते काढतो आणि कामाला लागतो. मधुमेहाच्या जुन्या रुग्णाचे तसे नसते. त्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. कुसळ गेल्याचे त्याला कळतच नाही. कळते ते आठ-दहा दिवसांनी, पाय सुजून पू झाल्यावर. अशा साध्या जखमेपायी बोट, कधी पाऊलही गमावण्याची वेळ येते. म्हणून घरात मधुमेही माणूस असेल तर कुसळे निघालेली जमीन हा आजारच समजावा. त्याने घरातही चप्पल घालावी आणि रोज रात्री तळपाय पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत.

वर आलेला खिळा, डुगडुगणारी फळी, दोन फळ्यांमधली उंचसखल कड यांत म्हाताऱ्या माणसांचे पाय अडकतात. खुब्याचे हाड मोडले की सत्तरीनंतरच्या माणसाला पुन्हा पहिल्यासारखे हिंडणे-फिरणे अवघड होऊन बसते. फटींतून साठलेली वर्षानुवर्षांची धूळ, झुरळांचे अवशेष आणि ओल असेल तर बुरशी, ही सारी दम्याला खतपाणी घालतात. तेव्हा दुरुस्ती करायचीच. प्रश्न एवढाच आहे की किती करायची आणि कशी.

माझे उत्तर एका वाक्यात सांगतो. राहत्या घरातली लाकडी जमीन जितकी कमी घासाल तितके बरे. पुष्कळशा जमिनींना घासण्याची नव्हे, नीट धुण्यापुसण्याची, चार ठिकाणच्या डागडुजीची आणि पातळ तेलाच्या हाताची गरज असते. फळीही झिजत नाही आणि घरही धुळीने भरत नाही.

आधी फळीची तपासणी

आम्ही रुग्णाला तपासल्यावाचून औषध देत नाही. जमिनीचेही तसेच करावे.

पहिली तपासणी मजबुतीची. दर पावसाळ्याच्या तोंडावर आपली महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, ते उगाच नव्हे. तुळई जिथे भिंतीत शिरते ते टोक पाहावे. तिथे ओल मुरते आणि वाळवी लागते ती बहुधा तिथूनच. जाणत्या सुताराकडून ठोकून, टोचून पाहून घ्यावे. टोचा मऊ लाकडात सहज शिरत असेल, फळीवर पाय देताच ती दबत असेल किंवा फळीखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर आधी तो खर्च करावा. पॉलिश नंतर. चकचकीत माडी खाली आली तर उपयोग काय?

दुसरी तपासणी पाण्याच्या थेंबाची. फळी स्वच्छ पुसून तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकावेत आणि पाच मिनिटे थांबावे. थेंब मोत्यासारखे वर उभे राहिले तर जुन्या पॉलिशचा थर शाबूत आहे, त्याला फक्त सफाई हवी. थेंब जिरून लाकूड काळपट झाले तर ते उघडे पडले आहे, त्याला तेल हवे. ही परीक्षा दाराजवळ, झोपाळ्याखाली आणि पलंगाखाली अशा तीन जागी करून पाहावी. बहुतेक घरांत असे आढळते की येण्याजाण्याच्या वाटेवरची फळी तेवढी झिजली आहे आणि कोपरे चांगले आहेत. मग साऱ्या खोलीला शिक्षा कशाला?

तिसरी तपासणी जुन्या रंगाची. तिच्याकडे मी पुढे येतोच.

धूळ दिसते ती नव्हे, दिसत नाही ती

लाकूड घासताना उडणारा भुसा आपल्याला दिसतो. तो नाकातल्या केसांत आणि घशात अडकतो, शिंकेवाटे आणि बेडक्यावाटे बाहेर पडतो. तो फारसा वाईट नाही. खरी त्रासदायक धूळ दिसत नाही. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकाचा पहारा चुकवून श्वासनलिकेत उतरतात आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. पॉलिश पेपर जितका बारीक, तितकी धूळही बारीक. शेवटचा गुळगुळीत हात मारताना खोलीत काही दिसत नाही म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण तीच धूळ कित्येक तास हवेत तरंगत राहते.

सागाच्या धुळीचा आणखी एक गुण आहे. सागात काही नैसर्गिक द्रव्ये असतात, त्यांमुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. तीच द्रव्ये काहींच्या कातडीला आणि श्वासनलिकेला सोसत नाहीत. हातांवर, मानेवर, पापण्यांवर खाज सुटून पुरळ उठते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत घातले. नाक आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांचा हा कर्करोग वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांमध्ये आढळतो. चार दिवसांच्या कामाने घरमालकाला तो होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण चार दिवसांची धूळ दमेकऱ्याला रुग्णालयात नेण्यास पुरेशी असते.

माडीच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फळ्यांच्या फटींतून धूळ खाली गळते. वर काम चालू असते आणि खाली स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर, पाण्याच्या पिंपावर, बाळाच्या पाळण्यावर तिचा थर बसत असतो. म्हणून काम सुरू करण्याआधी खालच्या खोलीच्या छताला जुनी चादर किंवा प्लास्टिकचा कागद ताणून बांधावा, पिण्याचे पाणी झाकावे आणि पाळणा दुसऱ्या खोलीत हलवावा.

सफाई कधीही कोरड्या झाडूने करू नये. ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावे. काम चालू असताना छताचा पंखा बंद ठेवावा. टेबल पंखा असेल तर तो खिडकीत, तोंड बाहेर करून लावावा, म्हणजे तो खोलीतली हवा बाहेर फेकेल. माळ्यावर कबुतरांची वस्ती असेल तर त्यांची वाळलेली विष्ठा आधी पाणी शिंपडून भिजवावी आणि मगच उचलावी. ती धूळ श्वासात गेल्याने काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते आणि ती दीर्घकाळ छळते.

जुना रंग आणि शिसे

काही माड्यांच्या फळ्यांना, जिन्याच्या कठड्यांना, खिडक्यांच्या चौकटींना पूर्वी ऑइल पेंट दिलेला असतो. अशा थरांत शिसे असण्याची दाट शक्यता असते. पूर्वीचा सफेदा आणि लोखंडी गजांना लावायचा शेंदरी प्रायमर यांत शिशाची संयुगे वापरली जात. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कायद्याने कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे असलेला रंग बनवण्यास नोव्हेंबर २०१७ पासून बंदी आली. म्हणजे त्याआधीचा कोणताही रंग संशयित धरावा आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा तर नक्कीच.

भिंतीवर किंवा फळीवर शाबूत बसलेला रंग काही करत नाही. तो मशीनने घासला किंवा दिव्याने जाळला की शिशाची धूळ आणि वाफ होते. ती जमिनीवर बसते. रांगणारे मूल त्या जमिनीवर हात टेकते आणि हात तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग रक्तात शोषला जातो, लहान मुलात मात्र निम्म्यापर्यंत. मूल चिडचिडे होते, पोट दुखते, बद्धकोष्ठ होतो, रक्त कमी होते. पुष्कळदा यांपैकी काहीच दिसत नाही आणि पुढे शाळेत लक्ष लागत नाही, एवढेच आई-वडिलांच्या ध्यानात येते. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक असे काही नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूची झालेली हानी भरून निघत नाही, म्हणून इथे प्रतिबंध हाच उपचार.

तेव्हा जुन्या रंगाच्या फळीला मशीन लावूच नये. रंग शाबूत असेल तर तो साबणाच्या पाण्याने पुसून त्यावरच नवा हात द्यावा. पोपडे सुटले असतील तर तेवढी जागा पाण्याने ओली करून हाताने खरवडावी, खपल्या कागदावर गोळा करून पिशवीत बांधाव्यात, चुलीत किंवा बंबात जाळू नयेत. त्या दिवसांत लहान मुले आणि गरोदर बायका त्या मजल्यावर जाऊ नयेत. काम आधीच कोरडे घासून झाले असेल आणि घरात पाच वर्षांच्या आतले मूल असेल, तर घाबरून न जाता आपल्या डॉक्टरांना सांगावे. रक्तातील शिशाची तपासणी करता येते.

पॉलिशचा वास

पॉलिशचा वास येतो म्हणजे त्यातले द्रावण हवेत उडत असते आणि ते आपण हुंगत असतो. सगळी पॉलिशे सारखी नसतात.

आपल्या जुन्या कारागिरांचे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट लवकर उडून जाते, दारे-खिडक्या उघड्या असतील तर वास दिवसाभरात ओसरतो. दोष एवढाच की पाणी सांडले की पांढरा डाग पडतो. मेलामाइन पॉलिश कठीण आणि चकचकीत होते, पण ते वाळताना फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. डोळे झोंबतात ते त्याने. पीयू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन डब्यांच्या पॉलिशमधले कडक करणारे द्रव्य दम्याला विशेष वाईट. ते फवाऱ्याने मारले तर अधिकच. आधी कधी दमा नव्हता अशा कारागिरांनाही त्याने दमा जडतो. पाण्यात मिसळणारी वॉर्निशेही मिळतात. किंमत थोडी जास्त पडते, पण वास बराच कमी असतो. राहत्या घरात वॉर्निशच हवे असेल तर हे घ्यावे.

आणि सर्वांत साधा उपाय म्हणजे बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल. उघड्या पडलेल्या सागाला ते चांगले मानवते. त्याला चकाकी येत नाही, पण लाकडाचा मूळ रंग खुलतो. पुढे कुठे झिजले तर तेवढ्याच जागी पुन्हा हात देता येतो, सारी खोली काढावी लागत नाही. वास असतो, वाळायला दोन-चार दिवस लागतात, पण घासकाम जवळजवळ नसते.

हंगामही महत्त्वाचा. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते, तेल आणि पॉलिश वाळता वाळत नाही. नाशकात डिसेंबर-जानेवारीत पारा पुष्कळदा १० अंशांच्या खाली उतरतो. मग थंडीसाठी आपण दारे-खिडक्या लावून निजतो आणि सारा वास आत कोंडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे दिवस या कामाला उत्तम.

अर्ध्या अर्ध्या खोलीची पद्धत

घर न सोडता काम कसे करावे, ते आता सांगतो. कारागिरांशी बोलून आणि अनेक घरांतून पाहून मला ही पद्धत योग्य वाटते.

एका वेळी एकच खोली, आणि तिचाही अर्धा भाग घ्यावा. सामान दुसऱ्या अर्ध्यात सरकवावे. पहिल्या दिवशी फळ्या ओल्या फडक्याने पुसून घ्याव्यात. मग कोमट पाण्यात थोडा साधा साबण विरघळवून, फडके घट्ट पिळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने चोळावे. बादलीने पाणी ओतू नये, फळ्या वाकतात. ॲसिड किंवा कडक सोडा वापरू नये. लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. एवढ्यानेच पुष्कळदा फळी ओळखू येणार नाही इतकी उजळते.

दुसऱ्या दिवशी डागडुजी. वर आलेले खिळे ठोकून बसवावेत, डुगडुगणाऱ्या फळ्या स्क्रूने आवळाव्यात. कुसळे निघालेल्या जागा, रंग नसेल तरच, हाताने पॉलिश पेपरने घासाव्यात आणि प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने धूळ टिपत जावे. चार जागा हाताने घासायला तासभर लागतो, त्यासाठी मशीन नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेल. उघड्या फळीवर फडक्याने अगदी पातळ हात द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल पुसून काढावे. जास्त तेल राहिले की जमीन चिकट होते, आणि चिकट जमिनीवर धूळ बसते. सकाळी काम केले की दिवसभर वारा मिळतो. संध्याकाळी काम करून रात्री त्याच मजल्यावर निजणे टाळावे. तीन-चार दिवसांनी हा भाग वापरता आला की सामान इकडे आणावे आणि दुसरा अर्धा घ्यावा. एका खोलीला आठ-दहा दिवस लागतात खरे, पण घराचा उंबरा कोणाला सोडावा लागत नाही.

शेवटी मेणाचा हात द्यायचा असेल तर अगदी नावापुरता. गुळगुळीत जमीन पाहुण्यांना आवडते, पण म्हातारी माणसे तीवर घसरतात. तीवर सुटी पायपुसणी टाकू नयेत आणि पायमोजे घालून चालू नये.

चिंधी, समई आणि बाटली

तीन धोके वेगळे सांगतो, कारण ते घडतात तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

पहिला, तेलाच्या चिंध्यांचा. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि त्यात उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आतच साठते आणि काडी न लावताही काही तासांत चिंध्या पेटू शकतात. लाकडी वाड्यात याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. काम संपताच चिंध्या अंगणात एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

दुसरा, वाफेचा. स्पिरिट आणि टर्पेंटाइन यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, फळ्यांच्या फटींतून खाली उतरते. खाली गॅस पेटलेला असेल किंवा देवघरात समई तेवत असेल तर भडका उडू शकतो. तेवढे काही तास खालचा स्वयंपाक आणि दिवाबत्ती थांबवावी. देवही समजून घेईल.

तिसरा, बाटलीचा. उरलेले टर्पेंटाइन किंवा थिनर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानलेले मूल एक घोट घेते आणि ठसकते. त्या ठसक्यासरशी ते द्रव्य फुप्फुसांत जाते. अशा वेळी घरचे लोक मिठाचे पाणी पाजून उलटी करवतात. हे कृपया करू नका. उलटी होताना तेच द्रव्य पुन्हा श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. मुलाला काही न पाजता, बाटली सोबत घेऊन, तडक रुग्णालय गाठावे. मूल हसतेखेळते दिसले तरी काही तास देखरेखीखाली ठेवणे जरूर असते. पॉलिशच्या स्पिरिटात पुष्कळदा विषारी मिथेनॉल असते, त्याने डोळे कायमचे जाऊ शकतात. तेही कुलपात ठेवावे.

घरातली नाजूक माणसे

दमेकरी, दीर्घ खोकल्याचे रुग्ण, गरोदर बायका आणि पाच वर्षांच्या आतली मुले यांनी काम चाललेल्या मजल्यावर जाऊ नये. शक्य असेल तर घासण्याचे आणि पॉलिशचे तेवढे दिवस आणि पुढचे तीन दिवस त्यांना नातेवाइकांकडे पाठवावे. तीव्र वासाचे पॉलिश मारले असेल तर आठवडाभर. ते शक्य नसेल तर निदान खालच्या मजल्यावर, सर्वांत दूरच्या खोलीत, दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी ठेवून निजवावे.

दमेकऱ्याने आपली नेहमीची औषधे या दिवसांत मुळीच चुकवू नयेत आणि धाप थांबवणारा पंप उशाशी ठेवावा. पंपाची सवय लागते हा गैरसमज अजून आपल्याकडे आहे. पंपातून औषध थेट श्वासनलिकेत जाते आणि म्हणून फार थोडे पुरते. पंप घेऊनही आराम पडत नसेल, रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. रात्री दोन वाजले असले तरी रुग्णालयात न्यावे.

कुसळ किंवा गंजका खिळा लागला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी. धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर डॉक्टरांना सांगून ती पुन्हा घ्यावी.

आणि काम करणारा माणूस

घरमालक चार दिवस धूळ खातो, पॉलिशवाला जन्मभर. त्याच्या नाकाला बहुधा रुमाल बांधलेला असतो. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. करोनाच्या साथीपासून, म्हणजे २०२० पासून, एन-९५ मुखपट्टी घरोघर ठाऊक झाली आहे. ती नाकावर घट्ट बसवली तर धुळीसाठी चांगली. मात्र वास तिने अडत नाही, त्यासाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो आणि उघडी खिडकी लागते. हात धुण्यासाठी कारागीर थिनर वापरतात, त्याने कातडी फाटते आणि विष अंगात शिरते. त्यांना साबण द्यावा. जेवण कामाच्या खोलीबाहेर, हात धुऊन करू द्यावे. एवढा खर्च मजुरीत धरला तर कोणाचे काही बिघडत नाही.

कारागीर बंधूंना एक विनंती. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर तो धुळीचाच असणार असे स्वतःच ठरवू नका. बेडक्याची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. क्षयरोग लवकर सापडला तर पूर्ण बरा होतो. नाकाची एकच बाजू सतत चोंदलेली राहत असेल किंवा तिच्यातून वारंवार रक्त येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

वाड्यातल्या फळ्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या पायांखालच्या आहेत. प्रत्येक वेळी मशीनने घासले की त्यांची जाडी कमी होते आणि गेलेले लाकूड परत येत नाही. त्या चकचकीत नसल्या तरी चालेल. स्वच्छ असाव्यात, पायाला टोचू नयेत, पाय घसरू नये आणि त्यांच्यावर निजलेल्या माणसाला मोकळा श्वास घेता यावा, एवढे झाले की काम नीट झाले असे समजावे.